खालचा स्लॅब

माझी विहीण छायाबाई लोणारहून आली, आणि आमच्या घराचा पाया माझा राहिला नाही.

मी मत्सरी बाई आहे हे अमडापुरात कोणालाही विचारा, सांगतील. पण माझ्या जागी दुसरी असती तर तीही जळालीच असती. जागा माझ्या नावावर. जुन्या घराच्या भिंती काळ्या मातीत दरवर्षी तडकायच्या, आणि दर उन्हाळ्यात ते तडे बुजवायचे काम मी चोवीस वर्षं केलं. माझा नवरा सहदेव गेल्यावरही केलं. शेवटी माझ्या मुलाने, चंद्रशेखरने नवं घर काढलं. इंजिनिअर म्हणाला, ही जमीन फुगते, उकलते, म्हणून सगळ्या घराखाली सळ्यांची जाळी बांधून एकसलग स्लॅब टाकू. गावाला याची गंमतच वाटली. स्लॅब डोक्यावर असतो, पायाखाली कशाला, असं जो तो विचारून जायचा.

छायाबाईला मात्र गंमत वाटली नाही. तिने वीस वर्षं औरंगाबादेत आणि जालन्यात बांधकामावर घमेली उचलली आहेत. आल्या आल्या ती जाळीवर वाकली आणि म्हणाली की सळ्या खाली मुरमाला टेकल्या आहेत, त्यांच्याखाली ठोकळे द्या. चंद्रशेखरने लगेच गडी कामाला लावले. आदल्या दिवशी मीही त्याला काहीतरी सांगितलं होतं, चूल पूर्वेला ठेव म्हणून. तेव्हा तो फोनवर बोलत होता.

त्यानंतर दोन दिवस घरात एकच नाव, छायाबाईचं. आईंना विचारू, आई काय म्हणतात पाहू. माझी सून धम्मशीला आपल्या आईकडे अशी बघायची की जणू बाईने धरणच बांधलंय. चंद्रशेखर सासूला स्वतःच्या हाताने चहा नेऊन द्यायचा. मी ओट्यावर लसूण सोलत बसायचे आणि मोजत काही नव्हते, पण तीन वेळा नेला.

स्लॅबच्या दिवशी पहाटेच वंदना झाली. पंचशील म्हणताना माझं लक्ष नव्हतं, छायाबाई पुढे का बसली हेच मनात होतं. मग मिक्सर सुरू झाला. छायाबाई पदर खोचून त्याच्यापाशीच उभी राहिली. प्रत्येक वेळी माल बाहेर पडला की ती तो बोटांत घेऊन बघायची. निवृत्ती मिस्त्री मनातून वैतागला होता, पण चंद्रशेखर समोर असेपर्यंत गप्प होता.

दुपारी डिझेल संपत आलं. ते आणायला चंद्रशेखर चिखलीला गेला. स्वयंपाकघराचा कोपरा तेवढा उरला होता. ऊन डोक्यावर, गडी थकलेले, घट्ट माल फावड्याला हलेना. निवृत्तीने एक बादली पाणी जास्तीचं टाकायला उचललं. छायाबाईने त्याचा हात धरला.

"पाणी बस झालं, भाऊ. पातळ माल वरून गुळगुळीत दिसते, पण आतून पोचट राह्यते."

निवृत्तीने माझ्याकडे पाहिलं. ती बरोबर सांगते आहे हे मला कळत होतं. इतक्या वर्षांत तडे बुजवताना पातळ गिलावा कसा झडतो ते मी पाहिलेलं होतं. तरी माझ्या तोंडातून निघालं ते निघालंच.

"टाक रे निवृत्ती. मालकीण मी हाओ."

त्याने टाकलं. पुढच्या प्रत्येक फेरीला टाकलं. माल सरसर पसरला, गडी खूश झाले. छायाबाई माझ्याकडे एकदा बघून घमेलं उचलायला गेली. मला वाटलं, जिंकले. ती आल्यापासून मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

पुढचा आठवडा स्लॅबवर आळी करून पाणी साठवायचं काम होतं. ती सकाळी सहाला उठून पाणी द्यायची, म्हणून मी साडेपाचला उठायला लागले. ती पाच वाजता उठू लागली. दोघींनी मिळून एवढं पाणी दिलं की शेजारच्या अर्जुनरावांनी तुमच्या घरी मासे सोडलेत का म्हणून विचारलं.

नवव्या दिवशी इंजिनिअर आला. सगळीकडे किल्लीने ओरखडून पाहत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात थांबला. तिथे किल्लीबरोबर राखाडी भुकटी निघत होती. वरचा थर फोडून पुन्हा भरावा लागेल, काम दोन आठवडे थांबेल, असं तो म्हणाला. चंद्रशेखरचा चेहरा उतरला. त्याने निवृत्तीला विचारलं, पाणी कोणी वाढवायला लावलं. निवृत्ती थापी पुसू लागला.

छायाबाई पुढे झाली. "म्या सांगतलं, जवाईबापू. गड्यायची कीव आली. चुकलं माह्यं."

चंद्रशेखर रागावलासुद्धा नाही. फक्त म्हणाला, असू द्या आई, तुम्ही एवढं केलं आमच्यासाठी. धम्मशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी सुटले होते. गप्प बसायचं होतं फक्त. पण माझी चूक अंगावर घेऊनसुद्धा तिलाच मान मिळावा, हे मला सोसेना. चूक तरी माझी राहू द्या.

"खोटं बोलते ते," मी म्हणाले. "पाणी म्या टाकाले लावलं. ते नाई म्हणत होती, तरी लावलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चंद्रशेखरने मला विचारलं नाही, का केलंस. तो तिच्याकडे वळला आणि म्हणाला, मग तुम्ही काऊन अंगावर घेतलं?

छायाबाईने हातातला पाइप खाली ठेवला.

"मलेबी पोरगा हाय, जवाईबापू. उद्या तो घर बांधीन, तवा त्याची सासू यीन. तिनं चांगलं सांगतलं तरी मले खपन काय?"

तिने मला पहिल्या दिवशीच ओळखलं होतं आणि तरी आठवडाभर माझ्याबरोबर पाणी भरत होती. मी खाली बसून त्या कोपऱ्यावर नख घासलं. भुकटी नखात भरली.

"इहीनबाई," मी विचारलं, "कुठून फोडाले लागाचं?"

तिला विचारताना अजूनही माझा जीव जळत होता.