चार मिनिटांची तपासणी

व्लास्ताने तीन वर्षं हाडाची काडं करून डिस्कवर फाइली मांडायची नवी पद्धत बसवली होती. जुन्या पद्धतीत वीज गेली की कुठली नोंद तुटली हे शोधायला संगणक अख्खी डिस्क पालथी घालायचा. व्लास्ताने प्रत्येक भागाची नोंदवही त्याच्याच दाराशी ठेवली होती. जिथे नुकतं काही लिहिलं गेलं, तेवढाच भाग तपासायचा. पण सोमवारी दुपारपर्यंत तिच्या प्रस्तावावर विभागप्रमुख शेबेलांची सही झाली नाही, तर सगळं कपाटात जाणार होतं.

शुक्रवारी सकाळी चेक देशातल्या ब्रनो शहरात वीज गेली आणि तिला देव पावल्यासारखं वाटलं. तिच्या संस्थेकडच्या मोराव्हियन, म्हणजे त्याच भागातल्या बोलींच्या ध्वनिफितींच्या प्रती दोन डिस्कांवर होत्या; एक जुन्या पद्धतीची, दुसरी तिची. तिने शेबेलांसमोर दोन्ही तपासण्या एकदमच सुरू केल्या. तिची चार मिनिटांत आटोपली. एक नोंद तुटली होती, तीही दुरुस्त झाली.

"चार मिनिटं?" शेबेला हसले. "अगं, एवढ्यात माझी कॉफी निवत नाही. नीट वाचलंच नसेल संगणकानं."

"सगळं वाचायची गरजच नाही, सर! तीन वर्षं दुसरं काय केलं मी?"

"घाईच्या कामावर माझा भरवसा नाही बाई. जुनी काय म्हणते बघू, मग सही."

जुनी अडीच वाजता एकाहत्तर टक्क्यांवर रखडली होती. आणि शुक्रवारी अडीचनंतर ब्रनोत कोण थांबतं? शेबेलांची नदीकाठच्या लाकडी घराकडे, तिथल्या काकडीच्या वाफ्यांकडे जाणारी बस तीनची होती. त्यांनी टोपी घातली आणि सरळ बटण दाबून संगणक बंद केला.

"सर! दुरुस्ती अर्धवट आहे!"

"यंत्रं चालू ठेवून सुट्टीला जायचं नाही, नियम आहे. उरलेली सोमवारी होईल. काकड्या थांबत नाहीत."

व्लास्ताने कपाळावर हात मारला. या माणसाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

सोमवारी जुनी डिस्क उघडलीच नाही. शेबेलांचा चेहरा पांढराफटक पडला.

"फिती गेल्या?"

"त्या डिस्कवरच्या गेल्या. माझ्या डिस्कवरच्या आहेत."

"तपास. आत्ता!"

ते चार मिनिटं उभेच होते. सगळं शाबूत निघालं.

"आण तो कागद."

प्रस्ताव सव्वीस पानी होता. शेबेलांनी थेट शेवटचं पान उघडून सही ठोकली.

"सर, वाचा तरी!"

"सगळं वाचायची गरज काय?" ते म्हणाले. "तूच तर म्हणालीस."

तीन वर्षांतलं एवढंच त्यांच्या कानात शिरलं होतं. व्लास्ताने दातओठ खात कागद उचलला.