टॉस होईपर्यंतचा इतिहास

अंगावर शाल, डोक्याला फेटा आणि हातात नारळ देऊन एखाद्या म्हाताऱ्याला माइकसमोर उभं केलं, की तो आपण होऊन थांबेपर्यंत त्याला कुणी खाली बसवू शकत नाही. आमच्या बेळगाव-निपाणी भागात हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण आमदारापासून मास्तरापर्यंत सगळे पाळतात. त्या दिवशी संकेश्वरच्या मैदानावर माझा सगळा भरवसा या एका नियमावर होता.

दुसरा नियम मात्र लिहिलेला होता, आणि तो आमच्या मुळावर उठला होता. कॉलेजच्या मुलींच्या सॉफ्टबॉल स्पर्धेची फायनल, बेळगाव विरुद्ध निपाणी. टॉसच्या वेळी ज्या टीमची कॅप्टन मैदानात नसेल ती टीम हरली, समोरचीला वॉकओव्हर. बेळगावच्या मुली निळे टी-शर्ट घालून केव्हाच्या आल्या होत्या. निपाणीच्या मुलींची बस तवंदी घाटात अडकली होती, कारण पुढं उसाची ट्रॉली उलटून सगळा ऊस हायवेवर आडवा झाला होता. आणि निपाणीची कॅप्टन होती रचना. माझी नात.

बेळगावनं फिरती ढाल लागोपाठ दोन वर्षं नेली होती. तिसऱ्यांदा नेली की कायमची त्यांची, असा रिवाज. रचनाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. दोन्ही फायनल हरल्यापासून ही पोरगी रोज आमच्या गोठ्याच्या भिंतीवर चेंडू फेकत होती. आधी भिंतीचा गिलावा पडला, मग म्हैस आटली, शेवटी म्हैस चेंडूच्या आवाजावर मान हलवून स्ट्राइक की बॉल ते सांगायला लागली. म्हशीचं सोडा, पण गिलावा खरंच पडलाय, येऊन बघा.

स्पर्धेचे सेक्रेटरी श्रीपाद सर, बेळगावच्या कॉलेजात क्रीडाशिक्षक. माणूस सज्जन, पण शिट्टी गळ्यात घालूनच जन्माला आलेला. कार्यक्रमाआधी मी त्यांना बाजूला घेतलं.

"सर, पोरी घाटात हाईत. तासभर थांबूया की."

"आप्पा, मला काय आनंद होतोय का? गेल्या वर्षी खानापूरची टीम उशिरा आली, मी वॉकओव्हर दिला. यंदा निपाणीला सोडलं, तर खानापूरवाले मला गावातनं फिरू देतील का? त्यात मी बेळगावचा. नियम वाकवला तरी बोलणी, न्हाय वाकवला तरी बोलणी. मग सरळ ठेवलेला बरा."

"मग टॉस कधी?"

"तुमचं मनोगत झालं की लगेच. थोडक्यात आटपा हं आप्पा. पाहुण्यांना लग्नाला जायचंय."

मनोगत झालं की! सरांनी स्वतःच्या तोंडानं माझ्या हातात दोर दिला.

माझा सत्कार कशाबद्दल, तर या स्पर्धेच्या पहिल्या वर्षी मैदानावर चुन्याच्या रेघा मी मारल्या होत्या, पुढं पंच झालो, आणि त्या वेळच्या मंडळींपैकी अजून जिवंत आहे. जयाबाई, म्हणजे आमची मंडळी, पहिल्या रांगेत बसली होती. मोबाइल तिच्याकडे. आमची खूण ठरली होती: बस हलली की तिनं पदर डोक्यावर घ्यायचा. मी माइक धरला तेव्हा पदर खांद्यावरच होता.

"मित्रहो," मी म्हटलं, "इतिहास सांगायचा तर मुळापासून सांगावा लागेल."

श्रीपाद सरांनी डोळे मिटले.

मी सुरुवात केली बेळगावच्या लष्करी कॅम्पातल्या एका हवालदारापासून. हा गडी कुठल्याशा परेडला परगावी गेला आणि येताना ट्रंकेत एक बॅट आणि खरबुजाएवढा चेंडू घेऊन आला. कॅम्पात कुणाला खेळ ठाऊक नव्हता, म्हणून तो एकटाच खेळायचा. स्वतः चेंडू टाकायचा, पळत जाऊन स्वतः मारायचा आणि स्वतःच झेलायला पळायचा. आठवडाभर तो आऊट झाला नाही, म्हणून त्याला बढती मिळाली.

निळ्या टी-शर्टातल्या पोरी हसल्या. पण हसतानासुद्धा त्यांचे पाय जागेवर नव्हते. एक सारखी बुटांच्या नाड्या बांधत होती, एक बोटं मोडत होती. त्यांची कॅप्टन भैरवी, उंच, वेणी टोपीतनं मागं काढलेली, ग्लोव्हमध्ये चेंडू आपटत होती. थप्प. थप्प. थप्प. तो आवाज माझ्या छातीत वाजत होता. पदर खांद्यावरच.

मग मी निपाणीची मॅच काढली. मैदानाच्या कडेला तंबाखू वाळत घातलेला. चेंडू त्या ढिगात पडला आणि तसाच पिचरच्या हातात आला. तिनं फेकला की बॅटवाली शिंकायची, झेलणारी शिंकायची, मी पंच, मीपण शिंकायचो. स्कोअर लिहिणाऱ्यानं शिंक म्हणजे एक रन असं धरलं आणि निपाणी शंभर रननं जिंकली.

"आप्पा," पाहुणे मागून हळूच म्हणाले, "छान. फार छान." म्हणजे पुरे.

"साहेब, आता तर मजा हाय," मी म्हटलं, आणि होमरन काढला.

एका पोरीनं असा टोला हाणला की चेंडू मैदानाबाहेर, रस्त्यावर, चालत्या ट्रकात. ट्रक गेला कागलच्या दिशेनं, सीमा ओलांडून महाराष्ट्रात. आता चेंडू परत येईपर्यंत पळायचं, अशी तिची समजूत. ती पळतीय. बेस एक, दोन, तीन, घर. परत एक, दोन, तीन, घर. मी पंच, मला काय नियम माहीत? मी मोजतोय. अंधार पडला, तिच्या आईनं पळता पळता तिला भाकरी दिली. दुसऱ्या दिवशी ट्रक परतला, पण ड्रायव्हर म्हणाला चेंडू पलीकडेच राहिला. तो चेंडू आता कुठल्या राज्याचा, याचा निकाल अजून लागायचाय.

यावर टाळी पडली. खुर्च्यांवरची माणसं सीमाभागातली, त्यांना सांगायला नको. पण टाळी संपली, आणि टाळीनंतरची शांतता फार वाईट असते. मी जयाबाईकडं बघितलं. ती मोबाइल कानाला लावून वाकली होती. तिनं वर बघून मान हलवली. नाही.

नंतर कळलं, तिकडं रचना बसमध्ये हमरीतुमरीवर आली होती. "मॅडम, ट्रॉलीच्या पलीकडं चालत जाऊ, पुढं वडापची जीप मिळंल." पण त्यांच्या पूर्णिमा मॅडमना प्राचार्यांची सक्त ताकीद: कॉलेजच्या बसखेरीज मुलींना दुसऱ्या गाडीत बसवायचं नाही. मॅडम बसच्या दारात आडव्या उभ्या. कुणाच्या पोरी, कुणाची गाडी, काय झालं तर कोण जबाबदार? त्यांचंही चूक नव्हतं.

इकडं कधी नव्हे ते गोष्टी आटल्या, म्हशीसारख्या. पाहुण्यांनी चप्पल पायात सरकवली. श्रीपाद सर टॉसचं नाणं या हातातनं त्या हातात करत होते. शेवटी उठून माझ्या कानाशी आले.

"आप्पा, शेवटचं वाक्य."

"शेवटचंच हाय," मी म्हटलं, आणि खरंच सांगतो, पुढं काय बोलणार ते मला ठाऊक नव्हतं. तोंड उघडलं आणि नीला बाहेर आली.

"पहिली फायनल. ह्याच दोन टीम. निपाणीची गाडी अशीच अडकली, ओढ्याला पाणी आलतं. बेळगावची कॅप्टन होती नीला. पंच म्हणाले, ढाल घे, तू जिंकलीस. ती म्हणाली, कुणाला हरवून? पंच म्हणाले, कुणालाच न्हाय. तशी ती म्हणाली, मग ढाल पण कुणालाच देऊ नका. शेजारच्या शेतात ट्रॅक्टर उभा होता. नीला चढली, टीम मागच्या ट्रॉलीत, आणि गेली ओढ्यात. निपाणीच्या पोरींना ट्रॉलीत घालून आणलं, चिखलानं माखलेल्या. मग मॅच झाली. ही स्पर्धा त्या दिवशी सुरू झाली बघा. त्याच्या आधी नुसत्या चुन्याच्या रेघा होत्या."

थप्प थांबली.

भैरवी उभी राहिली. "आप्पा, ही नीला आमच्या कॉलेजची?"

"व्हय. तुझ्याच."

"आम्हाला कुणी सांगितलं न्हाय कधी."

"आता सांगितलं की."

तिनं मागं वळून आपल्या पोरींकडं बघितलं. एकीनं बॅटची पिशवी खांद्याला लावली, आणि बघता बघता सगळा निळा घोळका त्यांच्या बसकडं चालायला लागला.

"अगं ए! भैरवी!" श्रीपाद सर ओरडले. "कुठं चाललीस? टॉस आहे!"

"त्यांना आणायला, सर!"

"वॉकओव्हर तुम्हालाच मिळतोय गं बाई!"

"म्हणूनच चाललोय!"

त्यांच्या मॅडम पर्स सावरत मागनं पळाल्या. बस धुरळा उडवत गेली. मी माइकवर म्हटलं, "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो," आणि खाली बसलो.

श्रीपाद सर नाणं हातात घेऊन मैदानाच्या मधोमध गेले. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. टॉसला हजर नसेल ती टीम हरली. दोन्ही नव्हत्या. आता हरवायचं कुणाला आणि जिंकवायचं कुणाला? मग नाणं खिशात टाकून माझ्या शेजारी येऊन बसले.

"यावर नियम न्हाय," ते म्हणाले. आवाजात थोडा आनंद होता, असं मला वाटलं.

पाहुणे लग्नाला गेले. ऊन कलायला लागलं. जयाबाई माझ्याकडं बघत होती, आणि तिची ती नजर मी ओळखतो.

"कोण हो ही नीला?" तिनं हळूच विचारलं.

"होती एक."

"आपलं लग्न झालं त्या वर्षी ही स्पर्धा सुरू झाली. मी इथंच बसलेली, हिरवा चुडा घालून. एकच टीम आलती. ढाल वॉकओव्हरनंच गेली."

"हळू बोल की!" मी म्हटलं. शेजारी सर होते.

बसवेना. मी उठून गेटपर्यंत गेलो, परत आलो. परत गेलो. घाटात अजून काय झालं असेल, पूर्णिमा मॅडम दारातनं हलल्या नसतील, तर? आणि या निळ्या पोरींना रस्त्यात काय झालं, तर? एका लोणकढी थापेवर मी बसभर लेकी हायवेला पाठवल्या होत्या. फेट्याच्या आत घाम आला.

तेवढ्यात जयाबाईनं पदर डोक्यावर घेतला.

निपाणीच्या पोरी आडव्या उसावरनं चालत अलीकडं आल्या होत्या, आणि दोन्ही टीम बेळगावच्या एकाच बसमध्ये कोंबून आल्या. सीटवर, मांडीवर, दारात. पूर्णिमा मॅडमना कॉलेजचीच बस पाहिजे होती, ती मिळाली. कुठल्या कॉलेजची ते ताकिदीत नव्हतं. प्रत्येकीच्या हातात उसाचं कांडं. रचना उतरली, तोंडाला चिकट रस, माझ्याकडं बघून म्हणाली, "आज्जा, ती नीला कोण?"

"खेळ आधी," मी म्हटलं.

खेळल्या. असा सामना मी पुन्हा बघणार नाही. शेवटची इनिंग, निपाणीची बॅटिंग, एकच आऊट बाकी, बेळगाव एका रननं पुढं. रचना तिसऱ्या बेसवर, घर समोर दिसतंय. टोला बसला, ती सुटली. घरावर भैरवी कॅचर, गुडघे टेकून. बाहेरून चेंडू आला, रचना घसरत आली, धुरळ्याचा लोट उठला. चेंडू धरलेला ग्लोव्ह आधी लागला, का पाय आधी टेकला?

"आऊट!" पंच म्हणाले.

मी खुर्चीवर चढलो. "पाय आधी! पाय आधी टेकला! मी जन्मभर पंचगिरी केली हाय, मला शिकवतोस व्हय रं?"

धुरळ्यातनं रचना उठली. गुडघा फुटलेला. "आज्जा, खाली उतर. आऊट होते मी."

मी उतरलो.

ढाल द्यायला पाहुणे नव्हते, म्हणून फेटेवाल्या म्हाताऱ्याला पुढं केलं. मी ढाल उचलली. जड होती. भैरवीनं हात पुढं केला आणि मधेच थांबवला.

"आप्पा, एक विचारू? नीलानं पुढं काय केलं? ती मॅच कोण जिंकलं? ढाल तिनं घेतली?"

सगळं मैदान माझ्या तोंडाकडं बघत होतं. मी नुसतं म्हणायचं होतं: न्हाय पोरी, तिनं ढाल परत केली, म्हणाली फिरतीच राहू दे. भैरवीनं तेच केलं असतं. एका वाक्याचं काम होतं, आणि असली वाक्यं मला झोपेत सुचतात. मी रचनाकडं बघितलं. ती गुडघ्यावर रुमाल दाबून उभी होती. तिनं मान हलवली. मघाशी जयाबाईनं हलवली होती, तशीच. नाही.

"नीला जिंकली," मी म्हटलं. "आणि ढाल घेऊन गेली. जिंकल्यावर घ्यायचीच असते."

भैरवीनं ढाल घेतली. मग तिनं आणि रचनानं ती दोन्हीकडनं धरली आणि फोटो काढला, त्यात मी मधे आहे, डोळे मिटलेले.

निघताना श्रीपाद सर गेटपर्यंत आले. "आप्पा, पुढच्या वर्षी नवी ढाल करायची ठरलंय. नीलाबाईंच्या नावानं. त्यांच्याच हस्ते देऊया म्हणतो. पत्ता तेवढा द्या."

तेव्हापासून मी शोधतोय. सत्तरीच्या आसपासची, अंगानं धडधाकट, ट्रॅक्टर चालवायला कचरत नाही अशी बाई पाहिजे. नाव काहीही चालेल. जयाबाईलाच विचारून बघितलं, नीला बनशील का म्हणून.

"मला अख्खं संकेश्वर ओळखतंय," ती म्हणाली. आणि जरा वेळानं भाकरी उलटत म्हणाली, "ट्रॅक्टरचा क्लच कुठल्या पायानं दाबतात हो?"