सज्जा तपासला, ठीक आहे

मी आमच्या चर्चच्या वडीलमंडळाचा, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांच्या मंडळाचा, चिटणीस. बावीस वर्षं झाली. देव सगळं पाहतो, पण लिहून मीच ठेवतो, असं मी गमतीनं म्हणायचो. पाळकसाहेबांना ते मुळीच आवडायचं नाही. सभासदांची यादी, बाप्तिस्मे, मयत, रविवारच्या उपासनेची नोंद आणि वडीलमंडळाच्या प्रत्येक सभेचं इतिवृत्त, सगळं माझ्या हातचं. एकदा ते मंजूर झालं आणि पाळकसाहेबांची सही पडली, की त्यातला काना-मात्राही बदलायचा नाही.

आता माझी लबाडी सांगतो. वडीलमंडळात नवं काही घडतच नाही, म्हणून मी इतिवृत्त सभेच्या आधीच घरी लिहून नेतो. प्रार्थनेनं सुरुवात, अमके हजर, तमक्यांची रजा. वर्षातून एकदा एक जादा वाक्य: 'सुताराने सज्जा तपासला, ठीक आहे.' सज्जा म्हणजे मागच्या दारावरचा लाकडी माळा. तिथं गायनमंडळ बसतं. माझी बायको पहिल्या रांगेत.

यंदाही ते वाक्य लिहिलं, सभेत वाचलं, मंडळानं जांभया देत मंजूर केलं.

गुरुवारी सुतार रस्त्यात भेटला, काठी टेकत. "पाय मोडून तीन महिने घरीच पडलोय चिटणीस. सज्जा राहिला बघा यंदा. कोपऱ्यातली तुळई मागच्या खेपेलाच पोकळ वाजत होती. बोललो होतो ना तुम्हाला, बदलावी लागेल म्हणून?"

बोलला होता. पण त्या वर्षीचं 'ठीक आहे' माझं आधीच लिहून झालं होतं, आणि खाडाखोड मला खपत नाही.

मी तडक चर्चमध्ये गेलो. सज्ज्याखालच्या बाकावर पिठासारखा बारीक भुसा पडला होता. झाडणाऱ्या बाई म्हणाल्या, "रोज झाडते, रोज पडतो."

रविवारी दोन पाहुणी गायनमंडळं येणार होती. वर साठ माणसं. मी पाळकसाहेबांकडे गेलो. "या रविवारी सज्ज्यावर कुणाला बसवू नये, असं वाटतं."

"का? तपासलाय ना?" त्यांनी वही उघडून माझ्या अक्षरावर बोट ठेवलं. "तुम्ही वाचलंत, मी सही केली."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात वरिष्ठ मंडळाचे लोक वह्या तपासायला यायचे होते. बावीस वर्षांत त्यांनी माझ्या वहीवर एक शेरा मारला नव्हता. मी म्हणालो, "हो, तपासलाय." मला माझं नाव खराब होण्याची भीती वाटली, दुसरं काही नाही.

रविवारी दारातच मी बायकोचा हात धरला. "आज वर जाऊ नकोस. पुढच्या बाकावर बस. घसा बसलाय तुझा."

"माझा घसा ठणठणीत आहे." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "काय लिहून ठेवलंत?"

मी तिला सगळं सांगितलं. फक्त तिला.

"आणि बाकीच्यांचं काय?"

"उपासना संपली की पाळकसाहेबांना सांगतो."

तिनं हात सोडवून घेतला आणि ती जिन्याकडे वळली. "त्यांना खाली घेऊन येते," एवढंच म्हणाली.

मी तिच्यामागे जायला हवं होतं. मी पुढच्या बाकावर जाऊन बसलो. वही मांडीवर उघडी होती. आजची नोंद मी कालच करून ठेवली होती: सज्जा भरलेला, उपासना शांततेत पार पडली.

ऑर्गन सुरू झाला. वर साठ माणसं एकदम उभी राहिली. मी मान वळवून पाहिलं. पहिल्या रांगेपाशी ती हात हलवून काहीतरी सांगत होती, आणि गाण्यात तिचं बोलणं कुणालाच ऐकू जात नव्हतं.