हाजर व्हावे

आमच्या घरात भांडणंसुद्धा अहो-जाहो करून व्हायची. बाबा आम्हा दोघा भावंडांशी आम्ही पाळण्यात होतो तेव्हापासून 'तुम्ही' म्हणूनच बोलत आले. 'तुम्ही नाक पुसा', 'तुम्ही धडधडीत खोटं बोलताय', 'तुमच्या कानाखाली वाजवू का आता?' शेजारच्या बायका भिंतीला कान लावून हसायच्या. लहानपणी मला त्याची लाज वाटायची, मोठेपणी वैताग यायला लागला. परवा त्याच्यापायी घरावर जे आलं ते पाहून मात्र मी हात टेकले.

बाबा कोर्टात पुकारा करायचे. दाराशी उभं राहून नाव घ्यायचं आणि खटल्यातल्या माणसाला आत बोलवायचं, एवढंच काम. परक्यांचं राज्य होतं तेव्हा त्या पुकाऱ्याचा साचा ठरलेला होता: अमका तमका, हाजीर हो. साहेबाला तुम्ही आणि उरलेल्या सगळ्या देशाला तू. मग परके गेले. नव्या सरकारचा जाहीरनामा कोर्टाच्या पायऱ्यांवर वाचून दाखवायचा होता आणि सगळ्यांत खणखणीत आवाज बाबांचा, म्हणून नुकत्याच नोकरीला लागलेल्या त्या पोराच्या हातात कागद दिला गेला. या देशात यापुढे कोणी कोणाचा मालक नाही, असं त्यात होतं. आणि सगळ्या कचेऱ्यांसाठी एक कलम होतं, की सरकार यापुढे प्रत्येक माणसाशी 'तुम्ही' म्हणून बोलेल.

त्यानंतरचा पहिला खटला एका कोंबडीचोराचा. बाबांनी छाती भरून त्याचं नाव घेतलं आणि पुकारलं, "हाजर व्हावे." कोणी येईना. पुन्हा पुकारलं. चोर समोरच पायरीवर बसलेला. त्याला वाटलं, आत कोणा बड्या माणसाला बोलावताहेत, असेल आपल्याच नावाचा. शेवटी बाबांनी जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, तुम्हालाच बोलावतोय." तर तो रडायलाच लागला.

ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकली की तिचा चोथा झाला. मला दर वेळी ज्याची कोंबडी गेली त्याचंच वाईट वाटायचं. माझ्या धाकट्या भावाच्या मात्र ती अंगात भिनली. बाबांनी त्याला ते कलमही पाठ करून दिलं होतं.

धाकटा पाणीखात्यात मीटर वाचतो. गेल्या आठवड्यात त्याची सायकल चोरीला गेली म्हणून तो पोलीस चौकीत तक्रार द्यायला गेला. पोलीस म्हणाला, "कोण रे तू? बस तिकडे." आता शहाण्या माणसाने बसावं की नाही? हा म्हणाला, "तुम्ही म्हणा." पोलिसाला आधी गंमत वाटली. कशाला म्हणायचं, असं त्याने विचारलं, तेव्हा आमच्या शहाण्याने कलम म्हणून दाखवलं, अगदी बाबांच्या सुरात. पोलिसाने थोबाडीत ठेवून दिली. दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा याने तो वरच्या वर धरला. झालं, सरकारी कामात अडथळा. तक्रार द्यायला गेलेला माणूस कोठडीत जाऊन बसला.

कोर्टासमोर माझं शिवणकामाचं दुकान आहे. वकिलांच्या काळ्या कोटांच्या बाह्या आखूड करते, अस्तरं बदलते, पोट सुटलं की शिवण सोडते. ज्याची शिवण मी सगळ्यांत जास्त वेळा सोडली त्याच वकिलाला धाकट्यासाठी धरलं.

"साधं काम आहे," तो म्हणाला. "उद्या कोर्टात माफी मागू दे, उद्याच घरी येईल. पण उद्या जामीन झाला नाही तर पाणीखातं त्याला निलंबित करणार. मग ती नोकरी गेलीच समजा."

"आणि ते कलम?"

"आहे की. कोणी रद्द नाही केलेलं. रद्द करायला आधी ते कोणाच्या लक्षात तर राहायला हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी बाबांना बजावलं, "कोर्टात तोंड उघडायचं नाही. तुमच्यामुळे झालंय हे सगळं. त्याची नोकरी राहू दे, एवढी तरी दया करा." बाबा बूट घालत होते. त्यांनी नाडी बांधायची थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणता ते बरोबर आहे," ते म्हणाले.

मला वाद हवा होता. ते मात्र सरळ कबूल झाले.

कोर्टात आता पुकारा उरलेला नाही. दाराशी एक शिपाई खुर्ची टाकून बसलेला असतो आणि हातानेच खुणावतो. "ए, चल रे," तो एका म्हाताऱ्याला म्हणाला. बाबांची मान झटकन वळली. मी त्यांचं कोपर घट्ट धरून ठेवलं.

धाकट्याला आणलं. गाल अजून सुजलेला होता. न्यायाधीश तरुण होता, चेहऱ्याने बरा वाटला, समोर फायलींचा ढीग. वकिलाने माफीचं बोलून ठेवलं होतं. न्यायाधीशाने मान वर न करता विचारलं, "माफी मागतोस का?"

"मागतो," धाकटा म्हणाला. "फक्त 'मागता का' असं विचारा."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशाने पेन खाली ठेवलं. वकिलाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच हे शिवून दिलंय.

"याचं कोणी आलंय का?"

बाबा उभे राहिले.

"तुझा मुलगा? मग समजाव त्याला. पुढची तारीख देऊन टाकीन, मग बसेल आत."

बाबांनी हात जोडले. त्यांना हळू बोलताच येत नाही, सगळा जन्म त्या दाराशी ओरडण्यात गेलेला. त्यांचा आवाज पार शेवटच्या बाकापर्यंत गेला. "पोराची चूक नाही, साहेब. त्याला मीच शिकवलं. चुकीचं शिकवलं. असं काही नसतं."

आमचा वकील खाली बघत कोटाचं बटण चाचपत राहिला. धाकटा बाबांकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मला परवडला असता.

"माफी मागतो, साहेब," तो म्हणाला.

जामीन झाला. माझा जीव भांड्यात पडला, खोटं कशाला सांगू. नोकरी वाचली, घर वाचलं. बाहेर येऊन मी वकिलाचे आभारसुद्धा मानले.

सह्या, शिक्के आटपून धाकटा दुपारी सुटला. आम्ही पायऱ्यांवर वाट बघत होतो. बाबा पुढे झाले आणि त्याच्या सुजलेल्या गालापाशी हात नेला, पण लावला नाही.

"फार लागलंय का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"तू म्हणा मला, बाबा," धाकटा म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. अगदी समजुतीने म्हणाला. "घरात तेच असलं की बाहेर जड जाणार नाही."

मी मध्ये पडणार होते. काहीतरी चेष्टा करून ते उडवून लावणं मला सहज जमलं असतं. पण त्याचं म्हणणं मला पटलं, आणि पटलं याचंच वाईट वाटलं.

बाबांनी पुढे नेलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, "बरं. चल."