गृहपाठातला दहावा

सोमवारपासून मी हेल्पलाइनवर बसणार होते आणि शनिवार उजाडला तरी एक वाक्य माझ्या जिभेवर अडतच होतं: "तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" तिथलं काम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन काही भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. आडून आडून विचारू नका, आरशासमोर दहा वेळा म्हणून या. पण आमच्या शिवणाच्या दुकानात आरसा कायम गिऱ्हाइकांच्या ताब्यात. म्हटलं, आरसा गेला उडत, माणसं आहेत की!

पहिले कटिंग मास्तर. त्यांनी कात्री खाली ठेवून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. सासूबाई म्हणाल्या, माझं राहू दे, तू आधी काजं सरळ कर. बाह्यांचं माप देता देता एक गिऱ्हाईक बाई इतक्या हसल्या की मला माप पुन्हा घ्यावं लागलं. पार्सलवाला तर सही न घेताच पळाला. सगळं दुकान खिदळत होतं आणि माझी जीभ अशी सुटली होती की विचारू नका.

इस्त्रीवर माझे धाकटे दीर, आमच्या घरातलं सगळ्यात हसरं माणूस. तेच मोठ्याने आकडे मोजत होते. नऊ झाले तशी मी कमरेवर हात ठेवून त्यांच्यापुढे उभी राहिले आणि एका दमात विचारलं.

ते हसले. मग त्यांनी इस्त्री बंद केली. काम पडलेलं असताना ते जेवायलासुद्धा इस्त्री बंद करत नाहीत.

"येतात," ते म्हणाले. "दोन महिने झाले."

इतका वेळ मी दात काढत होते त्याची लाज वाटली. पण बाईंनी घोकून घेतलं होतं, उपदेश नको, बसा, ऐका. मी स्टूल ओढलं. मास्तरांनी शटर खाली घेतलं. भाऊजी खूप वेळ बोलले आणि मी त्यांचा हात धरून ऐकलं.

शेवटी म्हणाले, "तुम्ही एकेकाला विचारत होतात ना वहिनी, तेव्हा एकच धाकधूक होती. माझ्याआधीच दहा भरतील की काय."

मी हसले की रडले, ठाऊक नाही. हेल्पलाइनवरचा माझा पहिला फोन सोमवारचा नव्हताच. तो शनिवारीच झाला, आणि भाऊजींसाठी आम्ही दोघांनी मिळून लावला.