जिन्याखालची जड सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. जड आहे, हेही आधीच सांगून टाकते, कारण या घरात माझ्याविषयी तेवढेच बोलले जाते. आज मात्र मला बोलायचे आहे, आणि रागावूनच बोलायचे आहे.

कारखान्याने मला भक्कम सांगाडा, पूर्ण चेनकव्हर आणि रुंद कॅरियर दिले. पण मला खऱ्या अर्थाने घडवले ते या घरातल्या आईने. ती पांढऱ्या शर्टांना काजे-बटणे करायची आणि गठ्ठे माझ्यावर बांधून शिलाईच्या कारखान्यात न्यायची. अंगावर चिखलाचा डाग असलेल्या बाईला तिथे शर्टांना हात लावू देत नसत. आणि रस्त्यात तर जागोजाग डबकी. मग आईने आपल्या झिजलेल्या रबरी चपलेचा तळ कापला आणि माझ्या पुढच्या मडगार्डाला खाली तारेने बांधला. दिसायला गबाळा होता, पण आईच्या पायांवर शिंतोडा म्हणून उडाला नाही.

पुढे आईचे गुडघे गेले आणि मी जिन्याखाली गेले. गरज सरो, वैद्य मरो. माझ्या हँडलवर ओल्या छत्र्या टांगल्या, कॅरियरवर रद्दी रचली. तेही मी सोसले.

मग आईच्या धाकट्या लेकीला दातांच्या दवाखान्यात नोकरी लागली. पांढरा गणवेश घरूनच घालून जायचा, कारण तिथे कपडे बदलायला जागा नव्हती. डॉक्टरीणबाई महिनाभर काम बघून मग कायम करणार होत्या.

"जायला-यायला जिन्याखालची घे," आई म्हणाली. "तेलपाणी केलं की पळेल."

थोरला भाऊ हसला. "आई, ती सायकल नाही, लोखंडी पलंग आहे. हिला मी मस्त हलकी बघून देतो."

हा थोरला रविवारी सकाळी हौसेने सायकल फिरवतो आणि कामावर बसने जातो. उंटावरून शेळ्या हाकायला त्याचे काय जाते! दुकानात त्याने म्हणे एक सायकल बोटावर उचलून दाखवली. मित्रांनो, सायकल उचलायची असते की चालवायची? धाकटीने ती गुळगुळीत फरशीवर फिरवली आणि घेतली. तिला ना मडगार्ड, ना कॅरियर, ना चेनकव्हर.

रस्ता ओला झाला त्याच दिवशी धाकटी दुपारच्या आत घरी परतली. पाठीवर मानेपर्यंत चिखलाची रेघ, पायावर चेनचे काळे वंगण. जिन्यावर बसून ती रडत होती, अगदी माझ्या डोक्यावर.

"बाई म्हणाल्या, पेशंटसमोर अशी उभी राहणार का? पुन्हा असं झालं तर येऊच नको."

थोरल्याने यावर काय उपाय काढावा? पाना आणून त्याने माझीच दोन्ही मडगार्डं उपटली! "हे काय लोंबतंय?" म्हणून चपलेचा तळ दारात आलेल्या कचऱ्याच्या गाडीत फेकला. नव्या सायकलीला मडगार्ड लावायला जागाच नव्हती. मग सुतळीने बांधली, ठोकून वाकवली, तरी ती चाकाला घासून किंचाळू लागली. माझे अवयव तोडून त्या पाहुणीला चिकटवले आणि तेही बसेनात. संतापाने माझ्या अंगाची नुसती लाही झाली.

आई गुडघे धरत बाहेर आली.

"सायकल रस्ता बघून घ्यायची असते. तू दुकान बघून घेतलीस," ती थोरल्याला म्हणाली. "आण ती मडगार्डं इकडे."

तिने ती हातोडीने सरळ करून मला परत बसवली. धाकटीने हवा भरली, तेल घातले. राहिला तो चपलेचा तळ. तो तर कचऱ्याच्या गाडीतून केव्हाच गेला होता. आई दारातल्या चपलांकडे जरा वेळ बघत राहिली आणि मग कात्री घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी तीच डबकी, तोच रस्ता. धाकटी माझ्यावर बसून गेली आणि संध्याकाळी हसत आली. "बाईंनी मला गोल फिरवून बघितलं, आणि म्हणाल्या, चल, ट्रे लाव. आता महिना पुरा होईल, आई."

म्हणून सांगते मित्रांनो, कामावर जायला सायकल निवडाल तेव्हा रोजचा रस्ता, रोजचे कपडे आणि रोजचे ओझे आठवा. आणि घरात एखादी जुनी उभी असेल, तर तिच्यावरची रद्दी काढून आधी तिला बघा. बोटावर उचलता येत नाही म्हणून तिला टाकू नका.

थोरला अजूनही मला जडच म्हणतो. म्हणो बापडा. रोज सकाळी तो एका पायात चप्पल घालून दारात दुसरी शोधत असतो, आणि मी त्याच्यासमोरूनच कामावर निघते.