कोणाची वीत कापायची नाही

मित्रांनो, मी शिवणखोलीतली एक जुनी कात्री आहे. वजनाने भारी आणि स्वभावानेही. माझ्या तोंडाला धार आहे असं कोणी म्हणालं तर मला राग येत नाही. बोथट कात्रीला विचारतो कोण?

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. त्याने दोन पाती ठोकून काढली, चाकावर घासली आणि मधे खिळा मारून त्यांची गाठ बांधली. ती दोघं जन्मभर एकमेकांवर घासत आली आहेत, पण एकमेकांना सोडून गेली नाहीत. सुटी झाली असती तर त्यांच्याच्याने एक धागा तुटला नसता. घरातली माणसं आणि माझी पाती, दोन्ही सारखीच.

मला एका शिंप्याने घेतलं. त्याच्या हातात मी कोट कापले, शाळेचे गणवेश कापले, पडदे कापले. शिंपी गेला आणि त्याच्या बायकोने दुसऱ्याच आठवड्यात दुकान उघडलं. तिला सगळी गल्ली मावशी म्हणायची. मावशीचे माझ्याबाबत दोन नियम होते. कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही, कागद धार खातो. आणि कात्री हातातून हातात द्यायची नाही, टेबलावर ठेवायची, ज्याला हवी त्याने उचलायची. हातात दिली की भांडण होतं म्हणे. मावशीच्या घरात भांडणाला कात्रीची गरज कधीच नव्हती, पण नियम तो नियम.

समोर सुताराचं दुकान होतं. त्याच्या धाकट्या मुलीचा हात करवतीच्या यंत्रात गेला. बनवलेला, कृत्रिम हात बसवता आला असता, पण तो सुताराच्या आवाक्यात नव्हता. मावशीने घरोघरी जाऊन कापडाचा एकेक तुकडा मागितला, त्यांची गोधडी शिवली आणि एका प्रदर्शनात विकली. धाकटीला हात मिळाला. सगळ्यांना वाटलं, झालं काम. पण मित्रांनो, मूल वाढतं, बनवलेला हात वाढत नाही. थोड्या वर्षांत तो आखूड पडतो, बदलावा लागतो. म्हणून दुसरी गोधडी आली, मग तिसरी. तोवर आणखी मुलांचे आईबापही दारात येऊन उभे राहिले होते.

गल्लीच्या पोस्टमनने गोधडीचा फोटो आपल्या परदेशातल्या मेव्हण्याला पाठवला. तिथून तो कुठे कुठे गेला देव जाणे. देशोदेशीची माणसं विचारू लागली, आम्हीही तुकडे शिवून पाठवतो, माप काय? मावशीने हात टेबलावर ठेवला, अंगठा आणि करंगळी ताणली आणि म्हणाली, "एक वीत लांब, एक वीत रुंद. झालं." जन्मभर ती ठिगळं अशीच मापत आली होती. पोस्टमनने तस्संच कळवलं.

आणि मग पार्सलं आली. कुठल्याशा बंदरावरच्या कोळ्याची वीत ताटाएवढी. एका बालवाडीतल्या पोरांच्या विती बशीएवढ्या. टेबलावर एकाला दुसरा तुकडा जुळेना. पोस्टमन हसून हसून खाली बसला. जगात एकच हात आहे असं वाटलं का तुम्हाला, असं त्याने मावशीला विचारलं. मावशी वाकणाऱ्यांतली नव्हती. "मी वीत मागितली, त्यांनी वीत पाठवली. चुकलं कोण?"

मी मनातून खूश झाले. आता सगळे तुकडे एका मापात कापायचं काम माझ्याकडे येणार. मी तोंड उघडून तयारच होते. पण मावशीने सांगितलं, कोणाची वीत कापायची नाही. जिथे कमी पडेल तिथे साध्या कापडाची पट्टी जोडायची. पट्ट्या कापायला मी, तुकड्यांना मात्र मला शिवायची मनाई. मला अपमान वाटला. पण गोधडी पुरी होऊन दोरीवर पडली, तेव्हा ती नुसती बघत राहावी अशी होती. तिच्यात एवढे हात होते, आणि एकही दुसऱ्यासारखा नव्हता.

मोहिमेचं नाव 'एक वीत' पडलं. पगारी माणूस एकही नाही, सगळे आपापलं काम सांभाळून येणारे. मोहिमेचा मोठा फलक भिंतीवर लागला, त्यावर माझा फोटो होता. पाहुणे मला हातात घेऊन बघत. मी तेव्हा जरा जास्तच चकाकत होते, हे खरं.

पण कौतुकाने खोली मोठी होत नाही. पार्सलांनी भिंती झाकल्या. घाईत जो येई तो मला उचले आणि खोक्यांच्या चिकटपट्ट्या कापे. कागद कापायचा नाही म्हणणाऱ्या घरात माझ्याकडून पुठ्ठे कापून घेतले. ज्या पात्यांनी रेशीम कापलं, त्यांना डिंक लागला. कोणी पुसलं नाही. पोस्टमनचे गुडघे गेले. मावशीची बोटं वाकडी झाली. सगळा भार मावशीच्या सूनबाईवर आला. ती रुग्णालयात परिचारिका. दिवसभर दुसऱ्यांच्या पट्ट्या बांधायच्या आणि घरी येऊन गोधडीच्या पट्ट्या शिवायच्या. जेवायच्या टेबलावर तुकडे, म्हणून तिची मुलं जिन्यात बसून जेवत. एक दिवस ती खोक्यावर बसली ती उठेचना. मी बघत होते. जगाला ऊब देणाऱ्या घरात तिला कोणी एक पेला पाणी विचारलं नाही.

त्याच सुमाराला एका कंपनीचा निरोप आला. मोहीम आम्ही चालवतो, नाव तेच ठेवतो, फक्त तुकडे एका मापाचे हवेत, म्हणजे यंत्रावर भराभर जोडता येतील. नमुन्याला एक गोधडी पाठवा.

मग सुट्टीच्या सकाळी शिवणखोलीत बैठक भरली. मावशी, सूनबाई, पोस्टमन आणि धाकटी. धाकटी आता मोठी झाली होती, बापाचं दुकान तीच चालवत होती. समोर पडद्यावर परदेशातली मंडळी, आणि त्यांचं बोलणं सांगायला पोस्टमनचा मेव्हणा.

सूनबाई म्हणाली, कंपनीला देऊन टाकू, मुलांना हात मिळाल्याशी कारण. मावशी म्हणाली, त्यापेक्षा बंद करू. माझ्या डोळ्यांदेखत नीट मिटलेलं बरं, दुसऱ्याने उसवलेलं मला बघवणार नाही. दोघी माझ्या पात्यांसारख्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. आणि मधे ती सगळी मुलं, ज्यांचे हात आखूड पडायला लागले होते.

सूनबाईने नमुन्यासाठी तुकडे आणले, मापाची पट्टी ठेवली आणि मला उचललं. पहिला तुकडा कोळ्याचा. तो कापता आला असता, मोठाच होता. पण ढिगात सगळ्यात लहान तुकडा धाकटीचा निघाला. तिने तो बनवलेल्या हाताने मापला होता, आणि त्या हाताची बोटं पुरती ताणली जात नाहीत. कंपनीच्या मापाला तो कुठूनच पुरेना. सूनबाईने तो पट्टीवर एकदा उभा ठेवला, एकदा आडवा. मला टेबलावर ठेवलं.

"कात्रीने कमी करता येतं, आई," ती सासूला म्हणाली. "वाढवता येत नाही."

मावशीचा चेहरा खुलला. तिला वाटलं आपण जिंकलो. ती म्हणाली, मग ठरलं, बंद. तेव्हा धाकटी बोलली, आणि तिचा आवाज मुळीच चढला नाही.

"मावशी, माझा हात तुम्ही तीनदा बदललात. आता रांगेत आहेत त्या पोरांना काय सांगू? मावशींची बोटं दुखतात, म्हणून तुम्ही वाढू नका?"

पोस्टमन छताकडे बघू लागला. मावशीला असं बोलून कोणी धड परत गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात पडद्यावरचा कोळी काहीतरी म्हणाला. मेव्हणा आधी घुटमळला, मग त्याने सांगितलं. कोळी म्हणतोय, त्यांच्याकडेही टेबल आहे, सुया आहेत, बसणारे लोक आहेत. तुकडे इथे पाठवायच्या ऐवजी त्यांची गोधडी ते तिथेच जोडतील. हीच तयारी बाकीच्यांचीही आहे, फार वर्षांपासून.

"मग इतकी वर्षं बोलला का नाही?" मावशीने विचारलं.

मेव्हण्याने विचारून सांगितलं. "तुमची भीती वाटत होती म्हणे."

"मी काय माणसं खाते का?"

सूनबाई तोंडावर पदर धरून हसू लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मावशीने तिच्याकडे पाहिलं. मग उठली, माठाकडे गेली आणि पाण्याचा पेला भरून तिच्यापुढे ठेवला. माफी मागण्याची तिची तेवढीच पद्धत.

ठरलं ते असं. प्रत्येक गावाने आपली गोधडी आपल्याकडेच जोडायची. मोहिमेची जबाबदारी दरवर्षी नव्या गावाने घ्यायची. कंपनीला नमस्कार. पहिलं वर्ष इथलंच, धाकटीचं.

मावशीने मला उचललं. डिंक नखाने खरवडून काढला, पाती तेलाच्या फडक्याने पुसली. मला वाटलं, आता टेबलावर ठेवेल. पण तिने मला सरळ धाकटीच्या बनवलेल्या हातात दिलं.

"भांडण होईल म्हणून आजवर कोणाच्या हातात दिली नाही," ती म्हणाली. "आता होऊ दे. भांडायला तरी येत जाशील."

मित्रांनो, धाकटीचं वर्ष सरलं. आज मी तिने केलेल्या लाकडी पेटीत बसले आहे. ज्याची पाळी त्याच्याकडे मी; आता पाळी कोळ्याच्या गावाची आहे, आणि या वयात मला सासरी पाठवावं तशी माझी पाठवणी होते आहे. मावशी येऊन पेटीचं झाकण दोनदा उघडून गेली. जाताना निरोप देऊन गेली, तो तुम्हालाही सांगते, कारण पुढेमागे तुमच्याही गावाची पाळी येईल.

काम झालं की मला पुसून ठेवा. माझ्याने कागद कापू नका. आणि कोणाची वीत लहान भरली, तर तिच्या बाजूला पट्टी जोडा. मला उचलू नका.